आभाराच्या पानावरचा ड्रागुआ

अल बर्शा, दुबई
२४ एप्रिल २०२६

ती. विभावरीआत्यास,
शुभ्राचा सा. न. वि. वि.

गेल्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. शेजारच्या अल्बेनियन लुल्याआजी माझ्यावर रुसल्या, कारण आमच्या शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या लोककथांच्या पुस्तिकेत मी कुल्शेद्राची डोकी चुकवली, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. डोकी सातच छापली आहेत. मी पाच वेळा मोजली.

कुल्शेद्रा म्हणजे त्यांच्याकडची सर्पराक्षसीण. झऱ्यावर वेटोळं घालून ती गावाचं पाणी अडवते. तिच्याशी लढतो तो ड्रागुआ: अंगावर पातळ पडदा घेऊन जन्मलेला, काखेत चिमुकले पंख असलेला माणूस. वादळात तो नांगर आणि उपटलेली झाडं तिच्यावर फेकतो. पालकाची भाजी निवडताना आजी हे सांगत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, की त्यांचा मुलगा अगिमही तसाच जन्मला. अगिमचं वय चव्वेचाळीस, डोक्याला टक्कल, रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात इंजिनीअर. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्याने हात वर केला की माझी नजर कुठे जाते, ते लिहिण्याजोगं नाही.

माहिती कुठून मिळाली ते लिहावं, हे तूच घरी शिकवलंस. तिसरीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू. म्हणून आभाराच्या पानावर मी लिहिलं, ‘लुल्याआजी, ज्यांचे चिरंजीव अगिम स्वतः ड्रागुआ आहेत.’ पहिली प्रत मिरवत त्यांना दिली. अगिमने वाचून दाखवली. आजी उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आठ दिवस झाले. मी रोज नवं कारण शोधते. डोक्यांचं कारण त्यातलंच.

रागव, पण माया आहे तेवढी राहू दे.
तुझी,
शुभ्रा

पुणे, २७ एप्रिल

चि. शुभ्रा हिस,
आत्याचे अ. आ.

पत्राचा फोटो पोचला. सात डोक्यांची राक्षसीण परवडली, पण तुझं एक डोकं नको. अगं, कारणं कसली शोधतेस? त्या बिचाऱ्याच्या काखेकडे बघण्यापेक्षा तोंडाकडे बघ आणि सरळ विचार.

नाव लिहावं हे मी शिकवलं, कबूल. ज्याचं नाव त्याला आधी विचारावं, हा धडा मी चौथीसाठी ठेवला होता, आणि तोवर तुझ्या बाबाने तुला शाळेत घातलं.

जेवत जा. काय झालं ते कळव, मी वाट बघते.
तुझी,
आत्या

अल बर्शा, १ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. अगिम आधी हसला. म्हणाला, हबीबी, पंख कुठले, खांदा आखडलाय तेवढा. मग त्याचं हसू गेलं. त्यांच्या गावी असं मूल झालं तर आई कुणाला सांगत नाही. बाहेर कळलं तर ते जगत नाही म्हणतात. आजींनी हे चव्वेचाळीस वर्षं त्याच्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. मी ते छापलं, तेही ठळक अक्षरात. आता तो कामाला निघाला की रास अल खैमाला पोचेपर्यंत आजी तीनदा फोन करतात. त्याला ही नुसती गोष्ट वाटते. त्यांना वाटत नाही.

एकशे ऐंशी प्रती मुख्याध्यापिकांच्या कपाटात आहेत. सात तारखेला, ग्रंथालय दिनी, मुलांना वाटायच्या आहेत. छपाईचं बघणाऱ्या हमीद सरांना आभाराचं पान काढण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, खलास, छापून झालं, आभार कोण वाचतं? शिवाय तुझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय, तेव्हा मॅडमपुढे स्वतःहून चुका घेऊन जाऊ नकोस. आत्या, मला दोन तास फार बरं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

मग माफीपत्र लिहायला बसले. नऊ मसुदे झाले. सातव्यात मी तळटीपा दिल्या होत्या. सगळे फाडले. आता मॅडमना तोंडी सांगणार, की दुसऱ्याच्या घरातलं मी न विचारता छापलं. त्यांनी परवानगी दिली तर तिथेच बसून एकेक पान काढीन आणि सगळी पानं आजींना नेऊन देईन. नाही दिली, तर तेही आजींच्या दाराबाहेर उभं राहून मलाच सांगावं लागेल. कॉन्ट्रॅक्टचं काय होईल ते बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझ्या लोभातच असू दे.
शुभ्रा

ता. क. मॅडमना कधी सांगणार, तिथे आधी ‘लवकरच’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. सोमवार, चार मे, सकाळी सव्वासात, असेंब्लीच्या आधी.