ओठांवरून कळणारी कविता

बाई, तुम्ही मला नववीत मराठी शिकवायचात. त्या वर्षी सीमेवर लढाई चालली होती आणि शाळेने युद्धावर कविता लिहायची स्पर्धा ठेवली होती. मी अर्थातच रक्ताचे पाट वाहवले. तुम्ही कागद वाचलात आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "रक्त पाहिलंय का कधी?" "गुडघा फुटला तेव्हा, बाई." "मग गुडघ्यावर लिहा. पाटांचं आम्ही बघून घेऊ." वर्ग हसला, मी रडले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला शनिवार पेठेतल्या तुमच्या घरी घेऊन गेलात.

स्वयंपाकघरात तुमचे यजमान दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसले आहेत. मी "काका" म्हणत पुढे होते, तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरता. "मागून नको. समोरून जा. त्यांना ऐकू येत नाही, आणि मागून कुणी हात लावला की ते अजून तिथेच असतात." तिथे म्हणजे कुठे, ते तुम्ही चहा गाळताना सांगितलंत. आमच्या जन्माआधीच्या लढाईत ते तोफखान्यात होते. "युद्धानंतर शांतता येते म्हणतात ना? आमच्याकडे आली. यांच्या दोन्ही कानांत." हसावं की नाही, मला कळेना. तुम्हीही हसला नाहीत. मग त्यांच्यासमोर बसून तुम्ही तुमची नवी कविता म्हटलीत, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. कुकरच्या शिट्ट्या आता एकटीनेच मोजायच्या, एवढंच होतं तिच्यात. एका ओळीला त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुम्ही शब्द खोडलात. "यांना ओठांवरून जो कळत नाही, तो मी ठेवत नाही. भारी शब्द बहुतेक सगळे गळतात," असं म्हणून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलात.

गेल्या वर्षी पुन्हा तोफा सुरू झाल्या. मी आता बिबवेवाडीत राहते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधला मुलगा सीमेवर होता. तो गेला. चौकात त्याचे फ्लेक्स लागले, घोषणा झाल्या, फुलांनी रस्ता भरला. सोसायटीने श्रद्धांजलीची सभा ठेवली आणि सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिता ना? जोशपूर्ण काहीतरी होऊन जाऊ दे." मला काही सुचेना. शेवटी त्याच्या आईकडे गेले. ती म्हणाली, "काय सांगू? ताटातलं मीठ नेहमी उरवायचा. किती ओरडले असेन मी त्यावरून." त्या मिठावर मी चार ओळी लिहिल्या आणि सभेत तिच्याकडे बघत सावकाश म्हटल्या. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "छान आहे, पण शत्रूचा उल्लेखच नाही यात." आईने माझा हात धरला. "परत म्हणा." मी म्हटल्या. "परत." तिसऱ्यांदा म्हटल्यावर "बास" म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या ओळींनी तिचं काहीच हलकं झालं नव्हतं. तुमच्या कवितांनी काकांचं झालं होतं का, हे तुम्ही होतात तोवर तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही सांगितलं असतंत की नाही, कुणास ठाऊक.

माझी मुलगी आता बारावीत आहे. त्या सभेपासून तिने सैन्यात अधिकारी व्हायचं मनावर घेतलंय. पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळायला जाते आणि घामाने निथळत, खुशीत परत येते. मी तिला दूध देते, भिजवलेले बदाम देते. परवा तिने विचारलं, "आई, तुला चालेल ना खरंच?" मी म्हटलं, "अगं, अभिमान आहे मला." अभिमान आहेच. पण ती सैन्याच्या प्रवेशपरीक्षेत नापास व्हावी म्हणून मी रोज देवापुढे हात जोडते, बाई. क्लासहून ती आता येईलच. त्याआधी हा कागद फाडायला हवा.