दोन तोंडांची डबी

१० फेब्रुवारी, मंगळवार
बसवेशला सोडणार नाही.

हे उभ्यानं लिहितोय. उजव्या मांडीवर तळहाताएवढं भाजलंय, पॅन्ट चढत नाही, लुंगीवर आहे. पण डोकं शाबूत आहे. सूड डोक्यानंच घ्यायचा असतो.

फॅक्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे राग थंड झालाच तर वाचून परत तापवता येईल. मी तंबाखू सोडली. बिरोबापुढं बेल-भंडार उचलून, शपथेवर, आई आणि अक्षदा दोघींच्या समोर. बायकोला दिलेला शब्द शंभर टक्के पाळला. कळंबला बसवेशचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे, त्याच्याकडून गुपचूप वेप घेतला, सेलवरची सिगारेट. त्यात तंबाखू नसते, वाफ असते. वाफेला बिरोबाची हरकत असायचं काही कारण नाही. अक्षदाला बोललो नाही. बायकोला टेक्निकल गोष्टी समजावत बसलं की दिवस जातो.

वेपबरोबर जादा सेल दिले होते, टॉर्चमध्ये असतात तसले. त्यातला एक मी माझ्या तंबाखूच्या डबीत ठेवला. स्टीलची, दोन तोंडांची डबी, एकीकडं तंबाखू, एकीकडं चुना. आता रिकामीच होती. मधला पत्रा मी स्वतः कापून काढला. सेल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिट्ट बसला. हलतसुद्धा नव्हता. एवढी वर्षं साखर कारखान्यात वायरमन आहे, फिनिशिंग हातातच आहे.

रविवारी येडशीला धाकट्या मेहुणीचा साखरपुडा. पंगतीत बुंदी वाढत होते आणि माझा खिसा पेटला. आधी चटका, मग धूर, मग बार. मेहुणा रामहरी यानं मठ्ठ्याची अख्खी बादली माझ्यावर ओतली. विझवायला तांब्या पुरला असता. त्याचंही नाव यादीत घेतलंय.

११ फेब्रुवारी, बुधवार
काल मूळ मुद्दा राहिला. बार झाल्यावर मी प्रसंगावधान राखून मोबाईल फुटला म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात सासूबाई आतून माझा मोबाईल घेऊन आल्या. जावईबापू, ह्यो तर चार्जिंगला हाय की, म्हणाल्या. चांगल्या बाई आहेत, पण टायमिंग नाही.

मग अक्षदानं मांडवातून काळी पडलेली डबी उचलली. भंडार उचलून तंबाखू खाता व्हय, एवढंच म्हणाली. मी म्हणालो, तंबाखू नाही, सेल होता. कशाचा सेल? यावर मी मांडी धरून कण्हलो. कण्हणं खरं होतं.

ती येडशीलाच राहिली. खरं काय ते बोला, मग येते, असा निरोप आहे. तिचा संसार बसवेशनं मोडला. फळं भोगेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
लुंगीवरच एसटीनं कळंब गाठलं. जागा होती, पण बसता येईना, उभा राहून गेलो. दुकानात शिरून असा गरजलो की गिऱ्हाईक बाहेर पळालं. पहिला वार माझा.

बसवेश म्हणाला, सेलसोबत प्लॅस्टिकचं कव्हर दिलो होतो, ते कुठंय? त्यात मी लवंगा ठेवतो, तोंडाला वास यायला नको म्हणून. पण हे त्याला सांगायचं कारण नव्हतं. मग म्हणाला, लोखंडाला लावू नका म्हणून म्या सांगितलो न्हाय का, दोन्ही टोकं टेकली की शॉर्टच की. शॉर्ट! हा शब्द त्यानं माझ्यासमोर वापरला. वायरमनसमोर!

पोलिसांत जाईन म्हणालो. तर म्हणाला, वेप विकायला बंदी हाय अण्णा, म्हंजे म्या विकलोच न्हाय, तुमी घेतलाच न्हाय. मंग फुटलं काय?

याचं उत्तर मला परत येताना सुचलं. लई जबरदस्त होतं. आता आठवत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ठाण्यात जाऊन आलो. बेकायदा वस्तूविषयी एका मित्रातर्फे माहिती द्यायची आहे, असं सांगितलं. जमादारांनी माझ्या लुंगीकडं पाहिलं. मित्राला घेऊन या म्हणाले. मित्र जखमी आहे म्हणालो. दिसतंय की, म्हणाले.

कायद्याचा मार्ग बंद. आता विज्ञान.

१५ फेब्रुवारी, रविवार
प्लॅन सोपा होता. माझ्याकडं दुसरा सेल आहे. तो वडिलांच्या पितळी डबीत तसाच फिट्ट ठेवायचा. काही होणार नाही. म्हणजे सिद्ध झालं: डबी निर्दोष, वायरमन निर्दोष, बसवेशचा पहिला सेल खराब. साक्षीदार म्हणून आईला अंगणात बोलावलं. ती कुरडया वाळत घालत होती. धन्या, नगं रं बाबा, म्हणाली. जुन्या लोकांना प्रयोगाची भीती असते.

डबी दगडावर ठेवून लांब उभा राहिलो. आधी काही झालं नाही. मी आईकडं विजयानं पाहिलं.

मग बार झाला. डबी शेजारच्या शंकरप्पांच्या पत्र्यावर गेली. कुरडया पेटल्या, चादरीसकट. आई नुसती खाली बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

निष्कर्ष: दुसरा सेलही खराब. पुरावा डबल झाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
शंकरप्पा डबी परत द्यायला आले. नाटकी काळजीनं विचारत होते, धनाजी, चार्जिंग झालं का? कारखान्यातही आता सगळे तेच विचारतात. एकेकाला बघून घेईन. पण आधी बसवेश.

सुचलं! बेल-भंडार! बसवेशनंच उचलावा, तोही आमच्या बिरोबापुढं, अक्षदासमोर. लोखंडाला लावू नका असं सांगितलं होतं, हे भंडार हातात घेऊन म्हणून दाखव. दुकानदार आहे, थरथरेल. फोन केला. लगेच हो म्हणाला. घाबरला असणार.

अक्षदालाही निरोप धाडला. रामहरी जीपमधून आणतो म्हणाला.

२२ फेब्रुवारी, रविवार
पॅन्ट घातली. दुखलं, पण सूड लुंगीवर शोभत नाही.

बसवेशनं चपला काढल्या, हात धुतले, बेल आणि भंडार उचलून कपाळाला लावला. म्या ह्यांना सांगितलो होतो, म्हणाला. आणि बंदीचा माल विकलो, ते बी खरं. ती चूक माझी. आवाज अजिबात थरथरला नाही. निर्लज्ज.

मग अक्षदानं भंडार माझ्यापुढं धरला. तुमी बोला.

दोनच शब्द पुरले असते: नाही सांगितलं. मी हात पुढं केला. पण पॅन्टचं कापड जखमेला घासत होतं, त्यामुळं एकाग्रता होईना. भंडार घेण्याआधी तांत्रिक बाजू सविस्तर मांडावी लागेल, असं मी म्हणालो. मांडायला सुरुवातही केली. व्होल्टेजपर्यंत आलो होतो.

अक्षदानं भंडार परत देवापुढं ठेवला. म्हणाली, मला समदं ठाव हाय. तुमी कळंबला जाऊन आल्यावर बसवेशभाऊंचा फोन आलता. तंबाखू खाल्ली असती तरी आले असते. तुमच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, म्हणून कपडे भरून आणले होते.

पिशवी खरंच जीपमध्ये होती. मोठी, निळी. रामहरीनं जीप वळवली तेव्हा दिसली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आज सुडाचं काही सुचलं नाही.

संध्याकाळी बसवेशचा फोन. उचलणार नव्हतो. अण्णा, पाय कसा हाय, म्हणाला. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. पाणी धरलंय म्हणालो. फोड फोडू नका म्हणाला, डॉक्टरला दाखवा. मग कुठं झोपता, जेवण कोण करतं, असलं काहीबाही. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. ठेवतो म्हणाला.

थांब की जरा, मी म्हणालो.