खिंडीतला वारा

नाना, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही असताना तुमच्यावर चिडायची हिंमत नव्हती. आज चिडले आहे.

शाळेआधी पाटी तुम्हीच धरायला शिकवलीत. शेजारच्या अक्काच्या पोरीची पेन्सिल माझ्या दप्तरात सापडली, तेव्हा हाताला धरून मला अक्काच्या दारात उभं केलंत आणि सगळ्यांदेखत कबूल करायला लावलंत. तेव्हापासून कुणाच्या घरून निघताना मी पिशवी तीनदा बघते, चुकून काही आलं नाही ना. आणि त्याच हिवाळ्यात बाजरी उफणायला मला खिंडीत नेलंत. तुम्ही तिवईवर उभे, डोक्यावर धरलेली बाजरीची पाटी, भुसा थेट ओढ्याकडे उडतोय. एका दुपारीत रास तयार. परतताना म्हणालात, "हाई कोनले सांगू नको."

गावाला मात्र सांगत होतात, खिंडीत वारा पडतो. म्हणून बाकीच्यांची खळी टेकडीवर. वाऱ्याची वाट बघता बघता अक्काची बाजरी अवकाळीत भिजली. तुम्ही तिला पाटीभर बाजरी पाठवलीत. ती अजून उपकार मानून तुमचं नाव काढते.

गेल्या वर्षी धुळ्याहून पवनचक्कीवाले साहेब आले. म्हणाले, कोळसा नाही, राख नाही, खाली शेळ्या चरतच राहतील, आणि वरपर्यंत रस्ता होईल, म्हणजे बाळंतिणीला झोळीतून न्यायला नको. वारा मोजायचा खांब कुठे रोवू, असं त्यांनी विचारलं. सरपंच आबांनी टेकडी दाखवली. वर्षभर खांबावरच्या वाट्या रेंगाळत फिरल्या. परवा चावडीत साहेब म्हणाले, वारा पुरत नाही, खांब दुसरीकडे नेतो.

मी उठून म्हटलं, खिंडीत बघा. आबा हसले. "तुना बापले वारा समजे. त्यानी सांगेल शे, खिंडमा वारा नही."

सगळे माझ्याकडे बघत होते, अक्काही. मी म्हणाले, "नानांचा अंदाज चुकला होता."

काल साहेबांची टोपी खिंडीतून उडून ओढ्यात गेली. खांब तिथे उभा राहतोय. अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चुकस मानूस."

तुमचा अंदाज कधीच चुकला नाही, नाना. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून आज दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. पेन्सिलीच्या वेळी तुम्ही हात धरला होता. एकटीला नाही जमलं.