कडी कोण लावतं?

मंगळवार, दिवेलागण, रत्नागिरी

पूर्णगडच्या सर्व्हेच्या फॉर्मचे आज दोन गठ्ठे केले. एकात नवरे घरी असलेल्या बायका, दुसऱ्यात नवरे आखातात असलेल्या. प्रश्न साधाच होता: संध्याकाळी दाराची कडी कोण लावतं? पहिल्या गठ्ठ्यात सगळ्यांची खूण 'मी'वर. दुसऱ्यात 'नवरा'वर! असं कसं? गठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दुसऱ्यातल्या रुबिनाभाभींना फोन लावला.

"चूक नाय हो ताई. ते तिकडं आखातातच, पण कडी आत्ताच लावली त्यांनी. आवाज आला ना?"

आला होता. कडीचाच.

हसावं की काय, कळेना. मग स्वतःचंच आठवायला बसले. घरात मी एकटी. हे मस्कतला गेल्यापासून संध्याकाळी कडी लावल्याचं एकदाही आठवत नाही.

सकाळी मात्र रोज काढते.