मामी, तू काहीच दाबलं नव्हतंस

ती. मामीस,

साष्टांग नमस्कार. (खरोखर पोटावर आडवा पडून लिहितोय, समोर उभं राहायला तोंड नाही.) तुझी कंबर कशी आहे? मामांचा राग उतरला का? इकडे मी खुशाल आहे, आणि हीच तर लाजेची गोष्ट आहे.

चष्म्याच्या दुकानातला तुझा कॉम्प्युटर बिघडला, तेव्हा मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, की मामी, तूच नको तिथे काहीतरी दाबलं असणार. मामांनीही ऐकलं. अगं, दाबलं होतं मी. आम्ही प्रोग्रॅमर सगळं स्वतः लिहितो हा तुमचा गोड गैरसमज. निम्मं काम आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर भागवतो. त्याला लायब्ररी म्हणतात (पुस्तकं नसतात, असती तरी मी वाचली नसती). मी तुला करून दिलेल्या दुकानाच्या प्रोग्रॅममधल्या तारखा मांडणारी लायब्ररी एका भल्या माणसाची होती. कुणा चोराने त्याचं खातं बळकावलं आणि नव्या आवृत्तीत आपल्या दोन-चार ओळी घुसवल्या. त्या ओळी स्वतः काही चोरत नाहीत. आत शिरायचं, गुपचूप कडी काढायची आणि बाहेरच्या टोळीला एकेक करून आत घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. मला 'नवी आवृत्ती आली' ही पिवळी पाटी डोळ्यांत खुपत होती, म्हणून काही न बघता 'अपडेट' दाबलं, तेच इथून तुझ्या कॉम्प्युटरवर पाठवलं आणि चहा प्यायला गेलो. (अनोळखी काही उघडू नका, असं तुम्हां सगळ्यांना भर जेवणात बजावणारा तो मीच.)

पुढचं तू भोगलंस. दुकानाच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती गेल्या. व्याह्यांनाही गेली, आणि त्यांच्या डोक्याची परिस्थिती तुला ठाऊक आहे. मामांनी तुला काउंटरवरून उठवून मागे काचा घासायला बसवलं. दुकान उभं केलं तू, गिऱ्हाईक ओळखतं तुला, आणि आता तुझ्या जागी माणूस शोधताहेत म्हणे. परवा तू फोनवर हळूच विचारलंस, "अरे, माझं नेमकं काय चुकलं ते तरी सांग, पुन्हा नाही करणार." रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. रेंज भरपूर होती.

तुझा नालायक भाचा

ता. क. कॉम्प्युटर बंदच ठेव. सगळं पुसून मी नव्याने घालून देईन.

ता. क. हे पत्र मामांना वाचून दाखवशील का? खरं तर त्यांनाच लिहायला बसलो होतो, पण 'ती. मामांस' एवढं लिहून हात थांबला.

आणखी एक ता. क. वरचं खोडलंय असं समज. माझी चूक तुझ्या तोंडून वदवणं मला शोभत नाही. रविवारी येतो आणि मामांसमोर स्वतः बोलतो. तेव्हा मागे काचा घासत बसू नकोस, काउंटरवर बस.