बाबाचा फोन आला तर

चिमे,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून चिठ्ठी घरच्या फोनखाली ठेवलीय. क्लबची बाकीची ग्लायडर्स परत आली, बाबाचं आलेलं नाही. डोंगरापलीकडे तो फारच खाली घिरट्या घालत होता, असं त्याच्या मागून उडत आलेल्या, क्लबमधल्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. त्यानंतर रेडिओवर आवाज नाही. डोंगराआड उतरलं की रेडिओ पोचत नाही, तेव्हा एखाद्या शेतात बसून तो आपली वाट बघत असेल. हेच घोकत मी ट्रेलर घेऊन निघालेय. सोबत क्लबचा मेकॅनिक आहे, पण गाडी मीच चालवणार. नुसतं शेजारी बसून राहणं मला जमणार नाही.

महाराजांचा मोबाईल नेहमीसारखा घरीच चार्जरला लटकलाय. कुणाचा फोन मागून केलाच, तर तो इथेच करेल. एवढी वर्षं संसार केला, पण बायकोचा नंबर काही पाठ नाही! म्हणून फोनजवळून हलू नकोस.

आजीला सांग, पंख सोडवून ग्लायडर ट्रेलरवर चढवायला आई गेलीय. बाकी काही बोलू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, तूही खा.

क्लबचं कुणी फोन न करता थेट दारात आलं, तर एकटीने दार उघडू नकोस. आधी शेजारच्या काकूंना हाक मार.

आणि बाबाचा फोन आला, तर कुठे उतरला ते नीट विचारून मला लगेच कळव. त्याच्यावर ओरडू मात्र नकोस. ते माझ्यासाठी ठेव.

आई