वर्धा ते वडनेर, सायकलनं

११ जानेवारी १९९८, रविवार
वडनेरहून मोठ्या भावाची, नानाजीची चिठ्ठी. अकरा वर्षांनी. वाटणीत विहीर कोणाची यावरून आमचं बोलणं बंद होतं. लिहितो, बंडू, काचबिंदूनं डोळे जाऊन राह्यले. डॉक्टर म्हणते महिनाभर दिसन. तवर येऊन जाजो.
जाणार. पण बसनं कोणीही जातं. मी सायकलनं जाणार. नालवाडी, पवनार, सेवाग्राम, हिंगणघाट, वडनेर. वाटेत ऐतिहासिक स्थळं होतील. बावन्नाव्या वर्षी हा सायकलनं आला, हे पाहून नानाजी आपणहून माफी मागेल.

१८ जानेवारी
नकाशा तयार, तीन रंगांत. सुलोचना म्हणाली, बस स्टँडवरून हिंगणघाटले किती गाड्या आहेत. बायकोला रूट म्हणजे काय ते कळत नाही.

२५ जानेवारी, सकाळी ६
निघालो.

त्याच दिवशी, १०.३०
घरी. पवनारपर्यंत प्रगती उत्तम. नदीकाठी थोडा आडवा झालो. परत टेम्पोनं आलो, टायरची झीज नको म्हणून. ही ट्रायल होती.

४ फेब्रुवारी
रूटमध्ये केळझर आणि गिरड घातलं. अंतर दुप्पट झालं, त्यामुळे तयारीही दुप्पट हवी. नवीन सीट आणली. वडनेरहून पुतणीचा, काजलचा फोन. बाबा विचारून राह्यले, काका निघाले का? सायकलनं निघालोच म्हणून सांगितलं.

१० फेब्रुवारी
गुडघा सुजला. चूक सीटची.

१५ फेब्रुवारी
सुलोचना एकटीच बसनं वडनेरला जाऊन आली. खूप विचारल्यावर म्हणाली, भाऊजींनी दारातल्या सावलीकडं पाह्यलं आन् म्हटलं, बंडू, आला का रे?
गुडघा बरा वाटतो आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळच्या बसनं निघालो, हिंगणघाटला बदलली. वडनेरला उतरल्यावर पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा लावल्या. नानाजी ओसरीवर बसला होता. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. त्यानं दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. म्हणाला, वाळला तू. सायकलनं आला न? काजल सांगत होती.
हो म्हणालो.
त्यानं हात खाली घेतले. मग म्हणाला, हिंगणघाटची बस आताच थांबली होती फाट्यावर. आता मले आवाजच तेवढे कळते.
माफी कोणीच मागितली नाही. काजलनं चहा आणला. कप त्याच्या हातात मी दिला.